कमळाबाईंचं औक्षण

प्रतापसिंहरावांनी कमळाबाईंच्या सुनेच्या, निरुपमाच्या हातातलं तबक हसतहसत बाजूला सारलं.

"सूनबाई, तुम्ही नाही. या घरात मला कमळाबाईच ओवाळतात. त्याशिवाय मी कधी निवडून आलोय का?"

जुन्या शहरातल्या मांडवी दरवाज्यामागच्या पोळमध्ये, त्या चिंचोळ्या गल्लीत, कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमदारसाहेबांची ही तिसरी निवडणूक. कमळाबाईंचे यजमान हिंमतराव पहिल्या निवडणुकीपासून त्यांच्यासाठी घसा फोडून घोषणा द्यायचे, म्हणून प्रचाराचा नारळ दर वेळी याच दारात फुटायचा.

निरुपमाचा चेहरा पडला. "काकासाहेब, आई नाही येणार बाहेर."

"रुसल्यात वाटतं! अहो कमळाबाई, या बघू! तोवर मी उंबऱ्यावरून हलायचा नाही."

"आवो ने, बा!" या ना, म्हणून मागून कुणीतरी गुजरातीत ओरडलं.

कमळाबाई आल्या. कपाळ मोकळं होतं. टाळ्या एकदम थांबल्या.

त्यांच्या मागे भिंतीवर हिंमतरावांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. तो हार प्रतापसिंहरावांनीच घातला होता, दिवाळीनंतर, हिंमतरावांच्या बेसण्याला. गुजराती शेजाऱ्यांचं पाहून आता मराठी घरंही मयतानंतर बेसणं, म्हणजे सांत्वनाची बैठक, ठेवत, आणि आमदाराला रोज कुठे ना कुठे जावंच लागे. पांढरा सदरा, जोडलेले हात, दोन शब्द, की पुढचं घर. त्या धांदलीत हिंमतराव गेले हेच ते साफ विसरले होते.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी, परत फिरावं, असं मनात आलं. पण जीभ सवयीने आधी चालली.

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं! भावाला ओवाळायला बहिणीला कसली आलीय मनाई?"

गल्ली टाळ्यांनी दणाणली. फोटोवाला पुढे घुसला. कमळाबाईंनी सुनेच्या हातून तबक घेतलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाल्या,

"भाऊ समजा, असं यांच्या बेसण्यालाही म्हणाला होतात."

प्रतापसिंहरावांना मान वर करवेना. फोटो छान नम्र आला असणार.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा कार्यकर्ता सुभाष धावत आला. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"साहेब, काय बोललात! बायका डोळे पुसत होत्या. पुढच्या पोळमध्येही एक विधवा बाई आहेत. त्यांच्याच हाती तबक देऊ?"

प्रतापसिंहराव थांबले. कपाळावरचं कुंकू घामाने नाकाकडे ओघळत होतं. ते पुसायला त्यांचा हात धजेना.

"त्यांच्याकडे बेसण्याला गेलो होतो मी?"

"गेला होतात ना! यजमानांच्या फोटोला हारसुद्धा घातलात."

ते घर त्यांना काही केल्या आठवेना. ढोलवाले केव्हाच त्या पोळमध्ये शिरले होते.

"नाव काय त्यांचं?" त्यांनी विचारलं.