आधी येईल ते

दादाच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं. तो ब्राउझर बनवणाऱ्या ऑफिसात होता. नेटवरची एकदा उघडलेली पानं कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवायची नि पुन्हा मागितली की तिथूनच पटकन दाखवायची, हे काम आठ वर्षं त्याचं एकट्याचं. मग धाकटी बहीण तिथेच नोकरीला लागली, आणि चार महिन्यांत म्हणू लागली की जुन्या डिस्कवरून पान यायला नेटपेक्षाही जास्त वेळ लागतो. डिस्क रेंगाळली की लगेच नेटलाही विचारावं. आधी येईल ते दाखवावं.

साहेब खूश. चहाच्या टेबलावर तिचंच कौतुक. दादा सख्ख्या बहिणीला पाण्यात पाहू लागला.

त्यात तिचा बदल तपासायचं काम त्याच्याकडेच आलं. आयतंच सापडलं की! त्याने मंजूर केल्याशिवाय बदल पुढे जाणार नव्हता. तपासायला मशीन कुठलं घ्यायचं ते तपासणाऱ्याने ठरवायचं, फक्त मंजुरीच्या अर्जात लिहायचं. पठ्ठ्याने ऑफिसातलं सगळ्यात नवं मशीन उचललं. त्याची डिस्क कशाला रेंगाळतेय? शंभरदा पान उघडलं, फरक शून्य. 'फायदा नाही, नामंजूर,' असं लिहून ठेवलं. आपण लबाडी करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाठवायचं तेवढं बाकी होतं.

संध्याकाळी तो आईकडे गेला. आई आपल्या जुनाट, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर बातम्या वाचत होती. पान झटक्यात उघडलं. आधी पान यायला किती वेळ लागायचा, धाकटीने काल येऊन काहीतरी घातलंय, पोरगी हुशार आहे हो, असं आई दोनदा म्हणाली. दादाचा नुसता जळफळाट झाला.

"आधी इतकं अडत होतं, तर मला कधी बोलली का नाहीस?"

"तू केलेलं ना ते," आई म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. मग बसायचे वाट बघत."

आठ वर्षं.

दादाने आईला जरा सरकायला सांगितलं, त्याच मशीनवर पुन्हा सगळं तपासलं, बदल काढून आणि घालून. मग अर्ज उघडला. धाकटीचा हेवा अजून वाटतच होता, खोटं कशाला बोला. तरी 'नामंजूर' पुसून त्याने 'मंजूर' लिहिलं. खाली मशीन कुठलं ते विचारलं होतं. तिथे त्याने लिहिलं, 'आईचं.'