नोझलचा कलश

गेल्या वर्षी आगीच्या सरावात शालूबाई आडवी झाली होती, आणि निपाणीत माणूस एकदा आडवं झालं की नंतर ते उभं राहिलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी मारायचं पितळी नोझल तिनं हातात घेतलं, खटका एका हिसक्यात मागं ओढला, आणि दाबानं तिला उचलून तंबाखूच्या पोत्यांवर उताणी टाकली. सुटलेला पाइप मोकाट खोंडासारखा अंगणभर नाचला. चहाची किटली लवंडली, मालक कमरेपर्यंत भिजले. हमाल परशराम धावत जाऊन पंप बंद करून आला, तेव्हा कुठं पाइप निपचित पडला. तेव्हापासून वखारीत तिचं नाव 'आडवी आक्का'.

मालकांनी सांगून ठेवलं होतं, "औंदा जमलं न्हाय तर नोझल परशरामकडं."

परशरामच्या दंडांबद्दल शालूबाईची काही तक्रार नव्हती. पण तो दिवसभर पुढच्या फाटकाशी, ट्रकवर. मागच्या शेडात तंबाखूच्या चाळणीवर तिच्यासकट साऱ्या बायका, बाहेर पडायला एकच दार, आणि पाइपाची पेटी त्याच दाराशेजारी. उद्या खरंच पेटलं तर परशराम येईपर्यंत बायकांनी काय आगीवर चाळण्या उगारायच्या?

म्हणून वर्षभर ती परसात मुसळ बगलेत धरून उभी राहायची. एक पाय पुढं, गुडघे सैल, अंग जरा पुढं झुकलेलं. सून रचना कपडे वाळत घालताना हसायची. "आत्या, शेजारीण विचारतीया, लढाईला निघालासा काय?"

"सांग तिला, व्हय म्हणून."

मग खंडेनवमी आली. चाळण्या, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. शालूबाईनं पेटीतलं नोझल सोडवून चिंचेनं घासलं, ते असं लखलखलं की शेजारच्या चाळणीवरच्या मनुबाईला राहवेना.

"एवढं सोन्यासारखं पितळ, आन् आडवं ठेवायचं? कलश मांडू की गं!"

तांदळाच्या राशीत नोझलचं तोंड रोवून ते उभं केलं. पाइपाला जोडायची रुंद बाजू वर. खटका बंद, त्यामुळं ओतलेलं पाणी थेंबभर गळलं नाही. आत एक लिंबू सोडलं, कडेनं विड्याची पानं लावली, वर नारळ. बायकांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी नारळ फोडून वाटला, पाणी तुळशीला घातलं आणि नोझल पुन्हा पाइपाला बसवलं. आत रुतून बसलेल्या लिंबाची आठवण कुणालाच झाली नाही.

दसरा झाला आणि सरावासाठी बेळगावहून भावकूअण्णा आले. अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, अर्धं बोलणं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. "निधान, निधान," एवढं तर दर वाक्याला. सावकाश, सावकाश.

"जोड घट्ट?"

"घट्ट."

"खटका बंद? समोर माणूस न्हाय?"

"न्हाय."

समोर फक्त एक रिकामं पिंप होतं. शालूबाईनं पाय रोवले, मागं मनुबाईनं पाइप धरला. "पाणी सोडा!"

पाइप फुगत फुगत आला, हाताला वजन लागलं. शालूबाईनं खटका हळूच मागं घेतला. नोझलातून पाणी आलं ते गळक्या नळासारखं.

अंगणात हशा उसळला. परशराम तर पोट धरून हसला. "आडवे आक्का, मुंगीला पाजतीयास व्हय? ओढ की पुरा!"

मनगट शिवशिवलं. एक हिसका दिला तर वर्षाचं टोपणनाव धुऊन निघालं असतं. पण पाइप दगडासारखा ताठ होता. एवढं पाणी इथवर आलंय, मग अडलंय कुठं?

तिनं खटका पुढं ढकलून बंद केला. "पाणी बंद करा! पंप बंद!"

"दे हिकडं, बघू," म्हणत परशराम पुढं आला आणि वाकून नोझलच्या तोंडात बघायला लागला.

शालूबाईनं नोझलचं तोंड भिंतीकडं फिरवलं. "बाजूला हो आधी! दाब हाय अजून आत. डोळा नको झालाय काय तुला?"

पंप थांबला. भिंतीकडं धरूनच तिनं खटका जरा उघडला, उरलेला दाब पिचकत पिचकत जाऊ दिला आणि पाइप मऊ पडल्यावर मगच जोड फिरवून सोडवला. आत कुंकू लागलेलं लिंबू घट्ट बसलेलं.

"अगं बाई," मनुबाई पुटपुटली, "कलशातलं!"

भावकूअण्णांनी ते काढून उलटसुलट बघितलं. "ह्यांनी पुरा ओढला असता, तर हे चेपून सुटलं असतं आन् मागचा दाब एकदम आला असता. मग बाई पोत्यांच्या पलीकडं." ते परशरामकडं वळले. "आन् तू तर तोंडच घालत होतास."

परशरामनं उगीचच डोळे पुसले.

पुन्हा जोड, पुन्हा पाणी. या वेळी खटका बोटभर मागं येताच धार सुटली. शालूबाईचं अंग पुढं झुकलेलंच होतं, दाबाला काय ढकलायचं ते त्यानं ढकललं. तिनं आणखी उघडला, आणखी. मागून पाइप अचानक हलका झाला. मनुबाईच्या मागं परशराम येऊन उभा होता.

"मागचं मी सांभाळतो, आक्का. तू धार बघ."

नुसतं आक्का. तिनं ऐकलं, पण मान वळवली नाही. पिंप डगमगलं, कलंडलं, गडगडत भिंतीला जाऊन टेकलं. मग तिनं खटका बंद केला, तोही निधान.

मालक आज लांब उभे होते, कोरडे. "मग? नोझल कुणाकडं?"

"मागच्या दाराला आक्काच," परशराम म्हणाला. "मी हाकेला येतो."

जेवणाच्या सुट्टीत मनुबाईला एकच घोर. "पुढच्या वर्षी कलश कशाचा गं मांडायचा?"

"घरनं तांब्या आण."

शालूबाईनं लिंबू धुतलं, चिरलं आणि दोघींच्या भातावर पिळलं. एका बाजूनं चेपलं होतं जरा. रस मात्र भरपूर होता.