फिल्टरवाल्यांचा वेगळा ग्रुप

लोवेल केटनरनं आर्लीनबाईंची ईमेल परत पाठवली तेव्हा आपण काय करतोय हे त्याला माहीत होतं. नंतर त्यानं स्वतःची बरीच समजूत घातली, की नव्हतं माहीत. पण होतं.

लोवेल वेल्डनच्या लायब्ररीत कॉम्प्युटर सांभाळायचा. वय सव्वीस. ग्रंथपालाची पदवी नाही, कॉम्प्युटरचीही नाही. मशीन खोलून, बिघडवून, पुन्हा जोडून जे डोक्यात शिरलं तेवढंच. पण आयोवातल्या लहानमोठ्या सगळ्या लायब्रऱ्यांचा एक ईमेलचा ग्रुप होता आणि तो त्याच्या मशीनवरून चालायचा. सहाशे चाळीस माणसं. कुणीही काही लिहिलं की आधी लोवेलकडे यायचं, त्यानं सोडलं की सगळ्यांना जायचं. लोक त्याला गमतीनं मालक म्हणायचे. त्याला ते आवडायचं.

ग्रुपवर बोलणं साधं असायचं. पुस्तकाच्या फाटलेल्या पाठीला कुठला गोंद चांगला. व्हिडिओ कॅसेट परत न देणाऱ्याला तिसरं पत्र पाठवावं का. मग लायब्रऱ्यांमध्ये इंटरनेट आलं, आणि त्याच्या मागोमाग फिल्टर. म्हणजे घाणेरडी पानं अडवणारा प्रोग्रॅम. तो लावायचा की नाही यावरून सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ग्रुपवर नुसती जुंपली. दिवसाला सत्तर-सत्तर ईमेल. एक म्हणायचा, लहान मुलं येतात तिथं तुम्हाला लाज कशी वाटत नाही. दुसरा म्हणायचा, मग पुस्तकांनाही बुरखे घाला. तिसरा वैतागून लिहायचा, मला या ग्रुपमधून काढा, आणि ते सगळ्या सहाशे चाळीस जणांना जायचं. मग त्याला कसं बाहेर पडायचं हे सांगणाऱ्या पंधरा ईमेल.

लोवेल कंटाळला. त्यानं वरच्या ओडेगार्डबाईंना विचारलं. त्या लायब्ररीच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, शांतता होईल असं काहीही कर, मला फक्त त्यात ओढू नकोस.

मग त्यानं जानेवारीत वेगळा ग्रुप काढला. फक्त फिल्टरसाठी. ज्याला भांडायचंय त्यानं तिकडं नाव घालावं, मुख्य ग्रुपवर तो विषय बंद. एका दुपारचं काम. लोकांनी इतके आभार मानले की विचारू नका. डेकोरा गावाच्या बाजूच्या एका बाईंनी तर लिंबाच्या वड्यांचा डबा पाठवला. लोवेलनं त्या दोन दिवसांत एकट्यानं संपवल्या.

वेगळ्या ग्रुपमध्ये गेले एकोणीस जण. आणि ते कोण, हे लोवेलला पहिल्याच आठवड्यात दिसलं. सगळे आरडाओरडा करणारे. दोन्ही बाजूंचे. ज्यांनी खरंच फिल्टर लावून बघितला होता, काढला होता, पुन्हा लावला होता, ती माणसं गेलीच नाहीत. त्यांना भांडायचं नव्हतं. ती इकडंच गोंदाबद्दल बोलत राहिली. लोवेलला हे कळलं होतं, पण इकडं छान चाललं होतं. कोण कशाला खाजवतंय.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आर्लीन टीट्झबाईंची ईमेल आली. नऊशे वस्तीचं गाव, एका खोलीची लायब्ररी, त्यात एक कॉम्प्युटर आणि सगळं बघायला एकट्या आर्लीनबाई. सकाळी लायब्ररी, दुपारी शाळेची बस चालवायच्या. त्यांनी लिहिलं होतं की पुढच्या सोमवारी संध्याकाळी विश्वस्तांची सभा आहे, फिल्टरवर मतदान आहे. अध्यक्ष मर्ल डॉर्नबुश म्हणतो की फिल्टर चांगलं पान कधी अडवतच नाही, आणि चुकून अडवलंच तर माझ्याकडे या, फिल्टर उघडायचा पासवर्ड माझ्याकडे राहील.

‘मी कुणाच्या बाजूनं नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘पण माझ्याकडे एक बाई दर बुधवारी येते आणि आपल्या दुखण्याबद्दल वाचत बसते. गावात तिनं कुणाला सांगितलेलं नाही. ती पानं अडली तर तिला मर्लच्या दुकानात जाऊन मागावी लागतील. ती जाणार नाही. तुमच्यापैकी कुणी फिल्टर वापरला असेल तर त्यानं काय काय अडवलं तेवढं दोन ओळींत कळवा. मी सभेत वाचून दाखवीन.’

लोवेलनं ते दोनदा वाचलं. उत्तर तर त्याच्याच टेबलाच्या खणात होतं. वेल्डनमध्ये मागच्या उन्हाळ्यात त्यांनी तीन आठवडे फिल्टर लावला होता आणि काय काय अडतंय ते त्यानं वहीत लिहून ठेवलं होतं. एकतीस पानं अडली होती. त्यात डुकरांच्या पैदाशीची कृषी विद्यापीठाची चार पानं होती, ज्यावरून इथल्या शेतकऱ्यांनी लायब्ररी डोक्यावर घेतली होती. दुखण्यांची बारा होती.

पण मालकानं बाजू घ्यायची नसते, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं. आणि ही एक ईमेल सोडली की उद्या सत्तर येणार. त्यानं ठरलेलं उत्तर चिकटवलं, या विषयासाठी आता वेगळा ग्रुप आहे, कृपया तिकडे लिहावे, आणि पाठवून दिलं. मग कॉफी आणायला गेला.

आर्लीनबाईंनी सांगितलं तसं केलं. तिकडं नाव घातलं, तेच पत्र तिकडं टाकलं. अकरा उत्तरं आली. एकानं त्यांना भित्री म्हटलं, बाजू घेत नाहीत म्हणून. एकीनं विचारलं, पोरांच्या हातात घाण द्यायला ही बाई एवढी का धडपडतेय. एकानं आधी फिल्टर शब्दाची व्याख्या करा म्हणून चार पानं लिहिली. सभेत वाचावी अशी एक ओळ नाही.

गुरुवारी त्यांचा फोन आला.

“लोवेल, अरे, मी चुकीच्या ठिकाणी तर नाही ना पाठवलं? मला या कॉम्प्युटरमधलं कळत नाही रे फारसं.”

“नाही, बरोबर ठिकाण आहे ते,” तो म्हणाला.

“मग माझंच लिहायचं चुकलं असेल. बरं. तुझा वेळ घेतला.”

फोन ठेवल्यावर त्याचे कान गरम झाले. शुक्रवार गेला. शनिवारी त्यानं वही खणातून काढली आणि परत ठेवली. रविवारी आईकडे जेवायला गेला तर आई म्हणाली, रोस्ट आवडला नाही का, ताटात तसाच आहे.

सोमवारी दुपारी एकच्या सुमारास त्याला राहवेना. त्यानं आर्लीनबाईंचं जुनं पत्र काढलं आणि मुख्य ग्रुपवर सोडलं. वर एक ओळ टाकली, सभा आज संध्याकाळी सातला आहे, लवकर लिहा.

पहिली ईमेल आली ती अशी: मालक, हा विषय इथं बंद होता ना? नियम काय फक्त आम्हालाच?

पण तिच्या मागून बाकीची पत्रं यायला लागली. शांत, कामाची. आमच्याकडे हे अडलं. आमच्याकडे ते. आम्ही पासवर्ड ग्रंथपालाकडेच ठेवला, चांगलं चाललंय. एका लायब्ररीला फिल्टरचा काही त्रास नव्हता, त्यांनी तेही लिहिलं. चार वाजेपर्यंत बेचाळीस झाली. ही सगळी माणसं आठवडाभर इथंच होती. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

मग त्याच्या लक्षात आलं की आर्लीनबाईंची लायब्ररी सोमवारी बाराला बंद होते. आणि ईमेल बघायला त्यांच्याकडे तो एकच कॉम्प्युटर. सगळ्या लायब्रऱ्यांच्या वेळांची यादी त्यानंच तर बनवली होती. त्यानं लायब्ररीत फोन लावला, वाजत राहिला. घरी लावला, तिथंही तेच. त्या बसवर असणार आणि तिथून परस्पर सभेला.

त्यानं बेचाळीसच्या बेचाळीस छापली. वही घेतली, कोट घातला, गाडीत जाऊन बसला. दोन तासांचा रस्ता, बर्फ बाजूला सारलेलं होतं, सहा-सव्वासहाला पोचला असता. गाडी सुरू केली. समोरची गोठलेली काच गरम होऊन साफ होईपर्यंत बसला. आणि विचार करत राहिला, त्या विचारतील, आज कसं काय आलास रे? एवढी पत्रं आली कुठून? मग गुरुवारी काय म्हणाला होतास?

काच साफ झाली. त्यानं गाडी बंद केली आणि कागद घेऊन आत आला. ओडेगार्डबाईंनी विचारलं, काही विसरलास का? तो हो म्हणाला.

मंगळवारी सकाळी नऊला फोन वाजला तेव्हा कुणाचा हे त्याला कळलं.

“चार विरुद्ध एक,” आर्लीनबाई म्हणाल्या. “मर्लनं विचारलं, बाई, एक तरी उदाहरण द्या. माझ्याकडे नव्हतं. आज सकाळी कॉम्प्युटर उघडला तर बेचाळीस. वाचली सगळी. चांगली माणसं आहेत रे. हे सगळ्यांना कधी पाठवलंस तू?”

“काल दुपारी.”

“काल.”

“आधी पाठवायला हवं होतं. त्या वेगळ्या ग्रुपमध्ये कुणी कामाचं नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही फोन केलात तेव्हाही माहीत होतं. आणि काल सगळं छापून गाडीत बसलो होतो. निघालो नाही.”

त्यांच्या मागं कुणीतरी दार उघडून पाय आपटत बूट झाडल्याचा आवाज आला.

“का?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासमोर यायची लाज वाटली.”

“म्हणजे माझ्यासमोर यायला नको म्हणून त्या बुधवारच्या बाईला मर्लसमोर उभं केलंस.”

तो म्हणाला, हो.

“रडू नकोस आता. मला वेळ नाही त्याला.” तो रडत नव्हता, पण आवाज तसा आला असेल. “सभा पुन्हा पुढच्या महिन्यात. ही पत्रं तेव्हा वाचीन, बघू. पण फिल्टर आज दुपारी बसतोय आणि बुधवार उद्या आहे. तुझ्या मशीनवर काही अडत नाही ना?”

“नाही.”

मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला आणि दुखण्याचं नाव सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, आणि कुठल्या औषधाबद्दल वाचायचंय तेही. लोवेलनं लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्याला कळलं की आत्तापर्यंत हे दोघींनाच माहीत होतं.

“मला आधी तिला विचारायला हवं होतं,” आर्लीनबाई म्हणाल्या. “तेही राहिलं तुझ्यापायी.”

त्यानं दुपारपर्यंत शोधून साठेक पानं छापली. प्रिंटरजवळ दुसरं कुणी येऊ नये म्हणून तिथंच उभा राहिला. लायब्रऱ्यांमध्ये पुस्तकं फिरवणारी व्हॅन साडेतीनला यायची, ती रात्रीपर्यंत त्यांच्या गावाला पोचते. त्यानं पानं मोठ्या पाकिटात घातली, तोंड चिकटवलं, वरून टेपही लावली. मग पाकिटावर काय लिहायचं ते विचारायला पुन्हा फोन केला.

“माझं नाव लिही,” त्या म्हणाल्या. “तिचं तुला मी सांगणार नाही.”

“नाही विचारत.”

“आणि पुढच्या बुधवारीही लागतील. त्याच्या पुढच्याही.”

“पाठवीन.”

“पाठवशील,” आर्लीनबाई म्हणाल्या. त्यात विश्वास होता का, ते त्याला कळलं नाही. त्यांनी फोन ठेवला. त्यानं पाकिटावर त्यांचं नाव लिहिलं आणि व्हॅन येईपर्यंत ते हातातच धरून दारात उभा राहिला.