सात झाडं आणि एक रंगमंच

टक्. मग टक टक टक. डब्यातली बटणं टेबलावर सांडली आणि दुपारची शांतता मोडली. लेक झोपलीय या भरवशावर तिची वास्तुविशारद आई आत केस विंचरत होती. धावत बाहेर येऊन बघते तर लेक जेवणाच्या टेबलावर, आईने केलेल्या उद्यानाच्या मॉडेलसमोर मांडी ठोकून.

पाचला हे मॉडेल समितीपुढे ठेवायचं होतं. शहराच्या मधोमध बाग, बागेत खुला रंगमंच. रंगमंच पश्चिमेच्या टेकाडावर, त्यामुळे तिथली सात जुनी झाडं मात्र जाणार होती. "झाडं की नाटक, एक काय ते सांगा," अध्यक्ष म्हणाले होते. तिने नाटक सांगितलं, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

डबा सांडण्याआधीच लेकीने प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बटणं ओळीने बसवली होती.

"ही माणसं. सगळे डोळे मिटून बसलेत."

"का गं?"

"ऊन लागतंय ना."

मॉडेल खऱ्या दिशांना धरूनच ठेवायचं, ही तिची जुनी खोड. खिडकीतलं चारचं ऊन रंगमंचामागून थेट येत होतं, बटणं लखलखत होती. नाटकं संध्याकाळची आणि प्रेक्षकांची तोंडं पश्चिमेला. तीन महिने, दोन इंजिनिअर, आणि हे कुणाच्या गावीही नाही.

तिला हसूच फुटलं. कटरने रंगमंच उचकटून तिने थेट पूर्वेला नेला. पायऱ्या टेकाडावर, झाडांच्या मधून. ऊन पाठीला, सावली डोक्यावर, आणि सातही झाडं जागच्या जागी.

"आई, डिंक आणा, पळा," तिने सासूबाईंना हाक मारली.

"या वयात पळवतेस," म्हणत त्या खरंच पळाल्या. "मला पहिल्या रांगेत बसव हं."

"पहिल्या रांगेत झाड आहे."

"मग त्याच्याशेजारी. तुझ्या सासऱ्यांसारखं मध्येच बोलणार तरी नाही."

डिंक ओलाच होता. तिघी मॉडेल तीन बाजूंनी धरून, हसून हसून दम लागलेल्या, टॅक्सीतून समितीसमोर पोचल्या.

अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. "म्हणजे एकही झाड तोडायचं नाही?"

"एकही नाही. ती प्रेक्षकांत बसलीयत."

अध्यक्षांनी सही केली. तिला वाटलं, आता इथेच गिरकी घ्यावी. तेवढ्यात लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, झाडांना नाटक नाही आवडलं, तर ती उठून कशी जाणार?"