दिसायला तीच शाई

“ओरिजिनल देऊ की कंपॅटिबल?” दुकानदारानं विचारलं आणि कोटेशनरावांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं.

कोटेशनराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. एका कारखान्याच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं काढली. खिळा घ्यायचा असो की खराटा, तीन दुकानांची कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही आणि तिन्हींत जे सगळ्यांत खालचं, ते मंजूर. साहेबांनी थट्टेनं ठेवलेलं नाव अंगाला असं चिकटलं, की पुढं भाजीवालासुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला. आताही हे दुकान तिसरं होतं.

“फरक काय दोन्हींत?”

“प्रिंटरच्या कंपनीची काळी शाई कागदाला धरून बसते. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली; दिसायला तीच, पण पाणी लागलं की पसरते. किंमत मात्र पाव. पाणी लावू नका, म्हणजे झालं.”

“पाणी कशाला लावू? वाचायचंय, भिजवून खायचंय थोडंच!”

दोघंही हसले. कोटेशनरावांनी कंपॅटिबलच्या दोन डब्या पिशवीत टाकल्या. शंभराची गोष्ट पंचविसात झाली की त्यांना देव भेटल्यासारखं व्हायचं.

घरी ताई वाट बघत बसली होती. यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. सगळं आयुष्य इस्पितळात नर्स म्हणून गेलं. निवृत्त झाली तरी इस्पितळ सुटलं नाही. रोज दुपारी तीनला ती पुरुषांच्या वॉर्डात जायची. ज्याला भेटायला कुणी येत नाही त्याच्या उशाशी बसायची आणि हलक्या आवाजात एखादी प्रार्थना गायची. ड्यूटी करता करता इकडून तिकडून ऐकलेल्या, कुणा रोग्यानं सांगितलेल्या अशा चौऱ्याऐंशी प्रार्थना तिनं पेन्सिलीनं एका वहीत उतरवल्या होत्या. तोंडपाठ म्हणाल तर एक नाही. “देवापुढं चुकीचं नको बाई,” म्हणून ती वही धरूनच गायची.

आणि नेमके तिचे डोळे चालले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला पडदा हळूहळू झिजतोय. अक्षर मोठं आणि काळंभोर असेल तर अजून तीन-चार वर्षं वाचाल. मग कोटेशनरावांनी महिनाभर खपून चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी प्रार्थना टाईप केल्या. एका ओळीत तीन-चार शब्द, एवढं टपोरं अक्षर.

“बाळ्या, शाई चांगली आणलीस ना रे?” ताईनं विचारलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच तोंड उरलं होतं. “इस्पितळात न्यायची वही आहे. तुझी कोटेशनं नकोत तिथं.”

“ओरिजिनल आणली. कंपनीची,” कोटेशनराव म्हणाले.

झालं. मोठं पाप करताना माणूस चार वेळा मागं वळून बघतो; असलं बारीक खोटं बोलताना साधी पापणीसुद्धा लवत नाही. छापलेली पानं सुरेख दिसत होती. प्लास्टिकच्या पाकिटात घालू का, म्हणून त्यांनी विचारलं, तर ताई म्हणाली, “नको, चकाकतं. मला दिसत नाही.” मग त्यांनी भोकं पाडून पानं फायलीत लावली.

पंधरा दिवस ताई हवेत होती. संध्याकाळी घरी आली की वॉर्डाच्या गोष्टी सांगायची. सात नंबरच्या खाटेवर एक गवंडी होता. मचाणावरून पडलेला, पाठ गेलेली, माणूस भला विनोदी.

“मला म्हणतो, मोठ्या सिस्टर, आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, आता देव माझ्यासाठी खोली बांधतोय, फक्त गिलावा राहिलाय म्हणून थांबलोय! आणि रोज एकच हट्ट. एकतीस नंबर म्हणा.”

एकतीस नंबरची प्रार्थना छोटी होती. ‘दार नुसतं लोटून ठेव, कडी लावू नको. मला यायला उशीर होईल, तू दिवा विझवू नको.’ ताई ती गाऊ लागली की गवंडी डोळे मिटायचा आणि शेवटच्या ओळीला बोटानं खाटेच्या कडेवर ताल धरायचा.

एका संध्याकाळी मात्र ताई आली ती फाईल मांडीवर टाकून खुर्चीत बसली.

“काय झालं?”

“संपलं रे बाळ्या. अक्षरं पोहायला लागली. एकतीस नंबर काढला, पहिली ओळ दिसली आणि पुढं नुसतं धुकं. आठवेल तसं म्हणायला गेले, तेही चुकलं. तो बिचारा म्हणाला, ‘असू द्या सिस्टर, उद्या म्हणा.’ उद्या काय कपाळ! चार वर्षं म्हणाले होते डॉक्टर, चार महिनेही नाही झाले.”

कोटेशनरावांनी फाईल उघडली. पानांचे खालचे कोपरे निळसर काळे झाले होते. एकतीस नंबर तर अर्धा वाहून गेला होता. त्यांनी ताईच्या हाताकडं पाहिलं. उजव्या अंगठ्याच्या चिरांत तीच निळसर शाई भरलेली. तिला ती दिसत नव्हती. जी बाई घरात भांड्याला हात लावण्याआधी हात धुते, ती वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी हाताला जंतुनाशक चोळणार आणि त्याच ओल्या बोटांनी पान उलटणार, हे यांच्या ध्यानात कसं आलं नाही? तीस वर्षं ती वॉर्डात होती आणि हे एकदाही तिथं गेले नव्हते. जायचं कारणच पडलं नव्हतं.

“ताई, ते... पानांचं...”

“पानांचं काय? तू एवढं खपून छापलंस. तुझ्यासारखा भाऊ मिळायला पुण्य लागतं रे. माझंच नशीब फुटकं.” आणि तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या हाताखाली कोटेशनरावांनी फाईल मिटली. मनात म्हणाले, चांगल्या शाईनं पुन्हा छापू, मग सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओरिजिनल डबी आणली. कोटेशन न मागवता. पण प्रिंटर होता जेवणाच्या टेबलावर आणि चालू झाला की मळणीयंत्रासारखा आवाज करायचा. ताई आता दिवसभर घरात. तीन वाजले की कपडे बदलायची, मग काय ते आठवून पुन्हा खुर्चीत बसायची. ते तीनचे टोले रोज कोटेशनरावांच्या कानाखाली वाजत. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते एक वाक्य त्यांनी आठ दिवस तोंडात धरलं.

आठव्या दिवशी शेजारीणबाई ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. इकडं यांनी दार लावून चौऱ्याऐंशी पानं छापली, जुनी काढून नवी लावली.

ताई परतली ती गोंधळून. “डॉक्टर म्हणतात, पडदा होता तसाच आहे. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.”

“बघ तरी,” कोटेशनरावांनी फाईल पुढं केली. “आज उजेड चांगला आहे.”

तिनं भीत भीत पान डोळ्यांजवळ नेलं. ओठ हलले. मग आवाज फुटला. शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचून तिनं फाईल कपाळाला लावली.

“देवानं ऐकलं रे बाळ्या! आठ दिवस मी त्याला एवढंच मागत होते, मला माझ्यासाठी नको, त्या सातव्या खाटेसाठी दे. ऐकलं त्यानं!”

आता काय बोलणार? देवाच्या पदरात पडलेलं श्रेय परत मागून स्वतःचं पाप जाहीर करायचं? कोटेशनराव हसले.

“उद्या तू पण चल माझ्याबरोबर,” ताई म्हणाली. “तुझ्या अक्षरांची करामत बघ.”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता दोघं वॉर्डात शिरली. दोन्हीकडं खाटांच्या रांगा, खिडकीतून तिरकं ऊन. साफसफाईच्या मावशी ताईला पाहून धावतच आल्या.

“अहो मोठ्या सिस्टर, होता कुठं? नऊ दिवस झाले!”

“डोळ्यांनी दगा दिला होता गं. आता ठीक आहे. आमचे गवंडीबुवा काय म्हणतात?”

मावशींनी कोटेशनरावांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “परवा पहाटे गेले. आधीचे दोन दिवस विचारत होते, तीन वाजले का म्हणून.”

सात नंबरची खाट मोकळी होती. गादी उघडी, वर चादर नव्हती. ताई तिथवर चालत गेली आणि स्टुलावर बसली.

“चुकलंच माझं,” ती हळू म्हणाली. “वाचता येईना तर नुसती येऊन बसले असते. त्याचा हात धरला असता. मीच लवकर हार मानली. देव दृष्टी देणार होता, मलाच धीर निघाला नाही.”

कोटेशनरावांना तिथं उभं राहवेना. खोटं त्यांचं, दिरंगाई त्यांची, आणि दोष पदरात घेऊन बसली होती ताई.

“ताई, डोळे गेलेच नव्हते तुझे.” आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “शाई पसरली होती. मी स्वस्तातली आणली होती. ओरिजिनल म्हणालो ते खोटं. तुझ्या हाताच्या ओलीनं ती... काल तू डॉक्टरकडं गेलीस तेव्हा मी सगळं परत छापलं.”

ताईनं मान वर केली. तिची नजर नेहमीसारखी यांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागली होती.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच संध्याकाळी. तुझ्या अंगठ्याला लागली होती.”

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. मावशी बादली उचलून लांब गेल्या.

“स्वस्त आणलीस त्याचं मला काही नाही,” ताई म्हणाली. “तुझा तो आजारच आहे. पण आठ दिवस, बाळ्या. आठ दिवस तू मला आंधळी ठेवलंस.”

“ताई, माफ कर मला.”

“ते मला नको सांगूस. ज्याला सांगायचं तो गेला.” ती उठली. आठव्या खाटेवर एक म्हातारा टक लावून छताकडं बघत पडला होता. उशाशी ना पिशवी, ना फळ, ना माणूस. ताईनं फाईल कोटेशनरावांच्या हातात दिली. “बस इथं. एकतीस नंबर. गा.”

“मी? अगं, मला कुठं गाता...”

“बस.”

कोटेशनराव स्टुलावर बसले. घसा खाकरला. त्यांनी जन्मात कधी सूर धरला नव्हता. साठ्याची यादी मोजून घ्यावी तशी त्यांनी पहिली ओळ म्हटली. म्हाताऱ्यानं मान वळवून त्यांना निरखलं.

“साहेब, जरा सावकाश,” तो म्हणाला. “मला कुठं जायचंय?”

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अक्षरं ठसठशीत, काळीभोर होती. तरी दुसऱ्या ओळीला त्यांनाच दिसेनाशी झाली. ते थांबले नाहीत. शब्द पाठ झाले होते.

मागं ताईनं मावशींकडून धुतलेली चादर मागून घेतली. सातव्या खाटेवर ती पसरली, हातानं चाचपत चारी कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचले आणि मधली सुरकुती तळहातानं सपाट करत राहिली.