शेबाची गाठ

जनावरांच्या दवाखान्यात वृषाली डॉक्टरांनी ट्रे माझ्यापुढे धरला. त्यात बोराएवढी गाठ होती, भोवती थोडी चरबी.

"हीच ती. टाके आठ-दहा दिवसांनी काढू. मच्छिंद्र, हे घेऊन जा."

त्यांच्या मदतनिसानं पिवळी पिशवी उघडली. मी त्याचा हात अडवला.

"टाकायची नाही. मला द्या."

"घरी नेऊन लोनचं घालनार का काय, मॅडम?"

"पुण्याला नेणार आहे. तपासायला."

शेबा टेबलावर भुलीत पडली होती, जिभेचं टोक बाहेर. ती आईची मांजर. आई नाताळच्या आदल्या आठवड्यात गेली. फेब्रुवारीत शेबाला कुरवाळताना तिच्या एका स्तनाखाली काहीतरी कडक लागलं. माझा हात तिथून निघेना.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "मांजरांत अशा गाठी बहुतेक वाईटच निघतात. इथं राहात्याला कुणी गाठ पुढं तपासायला पाठवत नाही."

"किती वाईट, ते तर कळेल?"

"कळेल. पेशींत काही प्रथिनं असतात, त्यांना मार्कर म्हणतात. काही संप्रेरकांना दाद देणारी, काही वाढीचा वेग सांगणारी. बायकांच्या गाठीत बघतात तीच. पण कळून मांजराला देण्यासारखं औषध फारसं नाही, हे आधीच सांगते."

"तरी बघायचंय."

बाकावर बसलेला माझा धाकटा भाऊ जस्टिन उठला. "ताई, पुरे आता. मांजर हाय ती." मग आवाज उतरवून म्हणाला, "आईचं न्हाई केलं आन् मांजराचं करतीस. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आईचं झालं नाही, म्हणूनच करतेय."

ऑपरेशन झालं की नातेवाइकाला आत बोलावून ट्रे दाखवतात. आईच्या स्तनातली गाठ काढली तेव्हा जस्टिन होता. मी परीक्षेच्या कामावर जामखेडला. 'साधी वाटतेय, तपासायला नेता का?' असं आईच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ट्रेकडे न बघताच तो म्हणाला, टाकून द्या. त्याला ते डोळ्यांसमोर नको होतं. पुढं दुखणं फुप्फुसात निघालं तेव्हा आईच्या अंगात तपासणीची सुई सोसायचीही ताकद नव्हती. पहिली गाठ कुठल्या प्रकारची होती, कुठलं औषध तिला लागू पडलं असतं, हे सांगायला काही उरलं नव्हतं. प्रार्थनेला आलेल्या बायका म्हणाल्या, प्रभूची इच्छा. मी जस्टिनला कधी बोल लावला नाही. पण प्रभूवरही ते ढकललं नाही.

"मी गाडी काढनार न्हाई," जस्टिन म्हणाला.

"एसटी आहे."

मग वृषाली डॉक्टरांनीच रुंद तोंडाची बरणी आणली, गाठ फॉर्मलिनमध्ये सोडली आणि झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. शेबाला जस्टिन घरी घेऊन गेला. तेवढं त्यानं न सांगता केलं.

बसमध्ये शेजारच्या बाईंनी बरणीकडे बोट केलं. "काय हाय वो त्यात?"

"गाठ. मांजराची."

"अगं बया!" त्या खिडकीकडे सरकल्या. नगरपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग एकदम विचारलं, "मानसाची बी अशीच असती?"

"अशीच."

त्यांनी पदराआड हात नेला, क्षणभर तसाच ठेवला. "मग दावावी लागंल कुनाला तरी," त्या म्हणाल्या, आणि सुप्याला उतरेस्तोवर मला एकेक विचारत राहिल्या.

रिपोर्ट वृषाली डॉक्टरांच्या मोबाईलवर आला. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"संप्रेरकांचे मार्कर नाहीत. वाढीचा मार्कर खूप जास्त आहे. म्हणजे गाठ परत येणार, आणि लवकर. एकच करता येईल. त्या बाजूची सगळी स्तनांची रांग काढायची, मग जमलं तर दुसरी बाजू. काही महिने मिळतील, कदाचित वर्ष. हमी नाही."

"बघ," जस्टिन म्हणाला. "काय मिळालं एवढं करून? जाऊ दे तिला शांतपनी."

"शांतपणे कोण जातं, जस्टिन? आई गेली होती?"

मी डॉक्टरांकडे वळले.

"मी हमी मागत नाही, डॉक्टर. तारीख द्या."

"शुक्रवारी. उपाशी आणा. आणि मॅडम, तीही गाठ, म्हणजे तो सगळा भाग..."

"तोही पाठवायचा."

शुक्रवारी सकाळी शेबानं घर डोक्यावर घेतलं. खाणं मिळालं नव्हतं. मी टोपली उघडली तशी ती कपाटाखाली शिरली. मी गुडघ्यांवर बसून हाका मारत होते, तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि जस्टिन आत आला. तो जमिनीवर आडवा झाला, हात आत घातला आणि तिला बाहेर ओढलं. तिनं त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. रक्त आलं. त्यानं तिला सोडलं नाही.

"लई जोर हाय हिच्यात अजून," तो म्हणाला.

"आहेच," मी म्हणाले. "चल."