पानामागची भाषेची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. मात्र मला कोणी भिंतीवर टांगलेले नाही. संकेतस्थळाच्या पानामागे, माणसांना न दिसणाऱ्या मजकुरात माझा मुक्काम असतो. तिथे पुस्तकाचे नाव, लेखिकेचे नाव असा तपशील यंत्रांसाठी ठरलेल्या रचनेत मांडतात. पुस्तक कोणत्या भाषेत आहे, हे सांगण्याचा मान माझा.

माझा जन्म मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा. जवळच्या सौसरच्या निवृत्त शिक्षिका चंद्रकलाबाई यांनी बालपणीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि त्यांची भाची प्रज्ञा हिने ते संकेतस्थळावर ठेवले. मुलगी मोठी शिस्तीची! मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे यंत्र फसू शकते, हे ती जाणून होती. तिने माझ्यावर ठसठशीत ‘मराठी’ नोंदवले. मग मराठी पुस्तके शोधणारे अमरावतीचे वाचकसुद्धा आमच्या दारी येऊ लागले.

पुढे प्रज्ञा नोकरीसाठी नागपूरला गेली. तिचा धाकटा भाऊ विशाल याने पानाला नवे रूप दिले आणि सरकारी कचेऱ्यांची हिंदी पाने करण्याच्या सवयीने माझ्यावर ‘हिंदी’ लिहून टाकले. हिंदी थोर भाषा आहे, मला तिचा आदर आहे. पण हे पुस्तक तिचे नव्हते. वरून पान देखणे दिसे, म्हणून आत कोणी डोकावले नाही.

अशात चंद्रकलाबाईंचे थोरले बंधू कवडूभाऊ यांची दृष्टी गेली. बहिणीचे पुस्तक एकदा तरी ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा उरली. एका दुपारी त्यांच्या सावरगावच्या घरी बहीणभाऊ बसले असताना विशालने मोबाइलवर वाचून दाखवणारे अ‍ॅप लावले. अ‍ॅपने भाषा मला विचारली. माझ्यावर होते तेच मी सांगितले, आणि हिंदी आवाज मराठी वाक्यांत ठेचकाळू लागला.

“बंद कर व चंद्रा,” कवडूभाऊ म्हणाले. “आपली माय अशी बोलत नव्हती. राहू दे, नशिबात नाही आपल्या.”

चंद्रकलाबाईंनी भाच्याकडे रोखून पाहिले. “काय करून ठेवलं रे तू?”

विशालने लॅपटॉप उघडला. “भाषा हिंदी टाकली गेली, मावशी. मध्यप्रदेश म्हटलं का हात तिकडंच जाते.”

“हो का? अन् तुह्या लग्नाची पत्रिका तर मराठीत छापून राहिला!”

विशालने माझ्यावर पुन्हा ‘मराठी’ लिहिले. अ‍ॅपने पान नव्याने घेतले. या वेळी आवाज स्वच्छ मराठी होता. संत्र्याच्या बगीच्यात आई कवडूला रागावते, तो प्रसंग आला आणि कवडूभाऊ ताठ उठून बसले.

“खोटं लिवलं व! फांदी तू मोडली, मार मी खाल्ला!”

“गप ऐक, भाऊ. पुढच्या पानावर तुही चोरी आहे.”

“कोणती चोरी? चालू ठेव रे विशाल! थांबवू नको!”

मित्रांनो, पान रचाल तेव्हा माझी जागा मनापासून भरा, आणि त्याचे रूप बदलाल तेव्हा मला आधी तपासा. माझ्यावरच्या त्या एका शब्दावाचून हे बहीणभाऊ दुपारभर नुसते गप्प बसले असते.